काट्यावरच्या मार्थाबाई

"त्या बाईला गाण्यातलं काय कळत होतं?" हा प्रश्न आमच्या श्रीरामपुरात अजून विचारला जातो. विचारणारे बहुधा महोत्सवाच्या पहिल्या रांगेत, पांढरं कापड घातलेल्या सोफ्यावर बसणारे असतात. पूर्वी या प्रश्नावर मी नुसती मान डोलवायचो. आता डोलवत नाही. मार्थाबाई मागच्या पावसाळ्यात वारल्या, आणि त्यांच्यामागे निदान एवढं तरी करायचं मी ठरवलं आहे. त्यांना गाण्यातलं जे काही कळत होतं ते त्यांनी बसून, कान देऊन मिळवलेलं होतं. पहिल्या रांगेतल्या किती जणांना छातीवर हात ठेवून असं म्हणता येईल, ते त्यांनी आधी सांगावं.

मार्थाबाई साळवे नेवाशाच्या रस्त्याला कांतीशेठच्या वजनकाट्यावर बसायच्या. उसाची ट्रॉली, कापसाचा टेम्पो, भंगाराची गाडी, जे काही तोलायचं असेल ते त्या लोखंडी फळीवर चढायचं आणि बाई आतल्या खोलीतून आकडा वाचायच्या. उंच, हाडापेराने मजबूत, कायम पायात काळे बूट आणि खांद्यावर हिरवी शाल. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवरा लवकर गेला होता आणि मुलगी लग्न होऊन नगरला सावेडीत राहत होती. बाई इथंच राहिल्या. मुलीने कितीदा बोलावलं, तर म्हणायच्या, "तिथं फ्लॅटमधी खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. मला काय ऐकू यायचं तिथं?"

त्यांच्या काट्याची एक शिस्त होती. गाडी भरलेली तोलताना ड्रायव्हर आत बसला असेल, तर रिकामी तोलतानाही त्याने आतच बसायचं. उतरायचं असेल तर दोन्ही वेळा उतरायचं. भरलेल्या वेळी बसून रिकाम्या वेळी उतरलं की ड्रायव्हरचं वजन मालात जमा होतं, ही या धंद्यातली काटा मारायची सगळ्यात सोपी लबाडी. बाई खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायच्या, "ए बाबा, बसायचं तर दोन्ही टायमाला बस! तुझं वजन कापसात इकू नको!" मोठमोठे पैलवानी ड्रायव्हर गपचूप परत चढून बसायचे. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी व्यापाऱ्याकडे जाण्याआधी वाट वाकडी करून या काट्यावर यायचे, ते या एका आरोळीसाठी.

आता गाण्याचं. आमच्याकडे दर हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोठ्या मैदानावर तीन संध्याकाळी संगीत महोत्सव होतो. राहुरी, नेवासा, कोपरगाव, कुठून कुठून माणसं येतात. घोंगड्या, सतरंज्या, थर्मास, शेंगदाणे, कानटोप्या, सगळा संसार घेऊन येतात. पुढं सोफे, त्यामागं खुर्च्या, त्यामागं मोकळी जमीन आणि शेवटी पाटाचा भराव. मार्थाबाई स्वतःची घडीची खुर्ची घेऊन यायच्या आणि अगदी शेवटी, पाटाच्या बाजूला, चहाच्या गाडीजवळ बसायच्या. पुढं जागा असली तरी तिथंच. त्यांचे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि गायकवृंद बसवायचे. लहानपणी ते मार्थाला सगळ्यात मागच्या बाकावर बसवून विचारत, "तिथवर काय आलं?" जे आलं तेवढंच गाणं, बाकीचं पुढच्या लोकांचं कौतुक, असा त्यांचा हिशेब. तोच हिशेब बाईंनी आयुष्यभर चालवला.

आणि महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, 'आज काटा चालू आहे' असं लिहिलेल्या फळ्यावर, त्याच वाक्याच्या खाली, बाई खडूने आदल्या संध्याकाळचं वजन लिहायच्या. काट्याच्या पावतीवर तीन रकाने असतात: भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ माल. बाईंनी तेच तीन रकाने कलाकारांना लावले. भरलेली म्हणजे नाव, दिवे, कपडे, टाळ्या, सगळं धरून दिसलं ते. रिकामी म्हणजे त्यातलं गाणं काढून घेतल्यावर जे उरेल ते. निव्वळ म्हणजे गाणं.

काही ओळी मला पाठ आहेत. एका तबलावादकाबद्दल: 'भरलेली: दोन तास. रिकामी: सव्वा तास बोलणे. निव्वळ: पाऊण तास, पण तो पाऊण तास सोन्यासारखा.' एका संतूरवाल्याबद्दल: 'तारा जुळवण्यात अर्धा तास. जुळल्यावर मात्र माणसाला जागचं हलू दिलं नाही.' कॉलेजच्या पोरांचा गिटार-ड्रमवाला बँड आला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक कानात बोटं घालून उठले. आम्हाला वाटलं, उद्या बाई यांची चटणी करणार. सकाळी फळ्यावर होतं: 'पोरांनी घाम गाळला. रिकामी गाडी हलकी. निव्वळ: भरपूर.' त्या पोरांनी फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. बाई त्यांना म्हणाल्या, "फोटो काढा, पण त्या तिसऱ्या गाण्यात ढोल लई झाला. ते लिवायचं ऱ्हायलं माझं." आणि पोरांसमोरच ती ओळ त्यांनी फळ्यावर घातली.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि नगरहून निघणाऱ्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. महोत्सव सहाला सुरू व्हायचा आणि माझी बातमी दुपारी चारलाच तयार असायची. समितीने छापलेली कार्यक्रमपत्रिका पुढं ठेवायची, प्रत्येक नावापुढं 'रसिक मंत्रमुग्ध', 'टाळ्यांचा कडकडाट', 'सुरांची बरसात' असं वाटून टाकायचं आणि पाठवून मोकळं व्हायचं. सगळेच वार्ताहर असं करत. पान लवकर लागायचं, काय करणार? एका वर्षी एक प्रसिद्ध बासरीवाले येणार होते. त्यांची गाडी घाटात बंद पडली, ते आलेच नाहीत, आणि त्यांच्या जागी जवळच्या एका गावचं भजनी मंडळ बसलं. मी त्या संध्याकाळी गेलोच नव्हतो, सर्दी होऊन घरी पडलो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या बातमीत बासरीने श्रीरामपूरकरांना नादावून टाकलं होतं.

मी शाळेत चाललो होतो. बाईंनी खिडकीतून हाक मारली. "सर, जरा या की." मी गेलो. त्यांनी पेपर उघडून समोर ठेवला आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "त्या बासरीवाल्याचं तुमाला नेमकं काय आवडलं?" मी काहीबाही बोललो. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, गाडी काट्यावर यायच्या आधी तुमी पावती फाडता. आमच्यात अशा माणसाला कामावर ठेवत न्हाईत." मला राग आला, आणि आजही सांगतो, खूप दिवस राहिला. पण शाळेत जायचा माझा रस्ता तोच होता, आणि पुढं पुढं त्या खिडकीशी थांबून चहा घेण्याची सवय लागली.

आता त्यांची चूक सांगतो, कारण ती त्यांनी कधी लपवली नाही, आणि मी लपवली तर त्यांना आवडणार नाही. एका वर्षी महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी, स्थानिक कलाकार म्हणून, अकोले तालुक्यातली सुमन भांगरे नावाची मुलगी गायली. विशीतली असेल. पंधरा मिनिटं मिळाली होती तिला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: 'सुमन भांगरे. आवाज पोचलाच नाही. निव्वळ: शून्य.' तोवर बाईंच्या फळ्याचे फोटो मोबाईलवर सगळीकडे फिरायला लागले होते. हाही फिरला.

महिनाभराने साउंडवाला बबन जुनं लोखंड विकायला टेम्पो घेऊन काट्यावर आला. मी तिथं चहा पीत होतो. वजन होईपर्यंत गप्पा मारता मारता तो म्हणाला, "बाई, तुमी पाटाकडं बसता न्हवं? पयल्या दिशी तिकडचा स्पीकर सुरवातीला बंदच हुता. वायर उंदरानं खाल्ली हुती. तिसऱ्या कलाकाराला कळलं आमाला."

बाईंनी आकडा वाचला. टेम्पोची पावती केली, सही केली, बबनला दिली. मग बाहेर आल्या, ओलं फडकं घेऊन सगळा फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सुमन भांगरे हिला शून्य लिहिलं होतं. तेव्हा माझाच काटा बंद होता. वजन झालेलंच नाही. मार्था साळवे.' आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "येत्या रविवारी अकोल्याला जायचं. तुमीबी चला. तुमच्या बातमीत तर त्या पोरीचं नावसुदीक न्हवतं."

रविवारची प्रार्थना बाईंनी कधी चुकवलेली मला माहीत नाही. त्या रविवारी चुकवली. श्रीरामपूर ते संगमनेर, तिथून अकोले, तिथून पुढं माणसांनी खचाखच भरलेली जीप.  भाताची खाचरं उतारावर एकाखाली एक, भात कापून झालेलं, नुसता वाळका पेंढा. सुमनच्या वडिलांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. कशासाठी आलो ते कळल्यावर म्हातारा म्हणाला, "बाई, येवढ्या लांब आल्या तुमी? माफी मागाया?"

"माफी न्हाई," बाई म्हणाल्या. "चूक सांगाया आले. माफी द्यायची का न्हाई ते तिचं तिनं बघावं."

मग कळलं की सुमनने गाणं सोडलं होतं. फळ्याचा फोटो गावात पोचला होता. पोरं तिला येताजाता 'शून्य' म्हणून हाक मारत. संगमनेरला क्लासला जायची, तेही बंद. ती आतून आली, दाराला टेकून उभी राहिली. बाई उभ्या राहिल्या आणि जसं फळ्यावर लिहिलं तसंच, एक शब्द कमी न करता, तोंडाने बोलल्या. पोर काही बाईंच्या पाया पडली नाही, रडलीही नाही. चांगलीच तापली होती. म्हणाली, "मग आता तोला. आलाच आहात तर."

बाईंचे डोळे एकदम चमकले. "इथं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी लांब जाते." आणि काळ्या बुटांनी बांधावरून चालायला लागल्या. एक खाचर, दुसरं, तिसरं, चौथं. साठी उलटलेली बाई, शाल सावरत, तोल सांभाळत उतरत होती आणि म्हातारा काळजीने ओरडत होता, "आवो बाई, पडाल!" तळाशी एका आंब्याखाली त्या थांबल्या. हिरवी शाल तेवढी दिसत होती. सुमनने अंगणाच्या कडेला उभं राहून भरदुपारी, माइक नाही, पेटी नाही, गायला सुरुवात केली. गाणं संपल्यावर आम्ही सगळे खाली बघत होतो. बाईंनी हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

वर आल्यावर त्यांना दम लागला होता. पाणी पिऊन म्हणाल्या, "शेवटची ओळ घाईत घेतलीस. बाकी सगळं तिथवर आलं." त्या दिवशी सुमन पहिल्यांदा हसली. पुढच्या आठवड्यापासून तिने क्लास पुन्हा सुरू केला. बाईंच्या चुकीची ती ओळ मात्र पुढच्या महोत्सवापर्यंत, वर्षभर, फळ्यावर राहिली. पावसाच्या झडीने पुसट झाली की बाई खडूने पुन्हा गिरवायच्या. मी एकदा म्हटलं, "आता पुरे झालं की." तर म्हणाल्या, "शून्य किती जणांनी वाचलं मला ठाऊक न्हाई. मग हे किती दिवस ठेवायचं ते मला कसं कळंल?"

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण पुढं जे झालं तेव्हा लोक म्हणायला लागले, की बाईंना कुणाचं चांगलं बघवत नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी समितीने मुंबईचा एक फार मोठा गायक आणला. नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही. मैदान पाटापर्यंत भरलं. गृहस्थ स्टेजवर आले, नमस्कार केला, बोलायला लागले. थंडी कडाक्याची, घसा पार बसलेला. शब्द फाटत होते, मधेच खोकत होते. मग गाणं सुरू झालं आणि आवाज एकदम लख्ख. एक गाणं झालं की पुन्हा बोलायचे, पुन्हा घोगरे. पुन्हा गाणं, पुन्हा लख्ख. लोक बेभान नाचत होते. माझी बातमी चारलाच गेलेली होती आणि त्यात ते मंत्रमुग्ध करून बसले होते. बाई खुर्चीतून उठल्या आणि स्टेजच्या बाजूला, साउंडच्या टेबलापाशी गेल्या. काय चाललंय बघायला मी मागोमाग गेलो.

"बबन," त्या म्हणाल्या, "एकदा मी चुकले हाय. पुन्यांदा चुकायचं न्हाई म्हनून इचारते. हा मानूस गातोय का?"

बबनने हेडफोन काढला नाही. खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला इचारू नका. पोटावर पाय येईल."

"न्हाई इचारत," बाई म्हणाल्या आणि त्याच्या खांद्यावर थोपटून परत फिरल्या.

सकाळी फळ्यावर होतं: 'तिसरी संध्याकाळ. भरलेली: मैदान भरून माणसं. रिकामी: मैदान भरून माणसं. निव्वळ: काही नाही. कलाकार आले, गाणं आधीच भरून आणलं होतं. बोलताना घसा बसलेला, गाताना मोकळा. ज्याला कान आहेत त्याने आठवून बघावं.' शेजारी माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं. माझ्या कात्रणावर त्यांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत तो फोटो नगर, संगमनेर, पार पुण्यापर्यंत गेला. गायकाच्या माणसांचा समितीला फोन आला. संध्याकाळच्या आत कांतीशेठ काट्यावर हजर. शेठ समितीवर होते, म्हणजे कोंडीत तेच सापडले. माणूस वाईट नव्हता. बाईंचा त्यांना अभिमानच होता, चारचौघांत सांगायचे, आमच्या काट्यावर किलोचाही फरक पडत नाही. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, पुसून टाका," ते म्हणाले. "एवढी ओळ पुसा, विषय संपला. तुम्हाला तरी पक्कं कुठं माहीत आहे?"

"तुमी फुडच्या रांगेत हुता शेठ. तुमाला काय ऐकू आलं?"

शेठनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हा काटा माझा आहे बाई. फळा माझा आहे. पुसायचं नसेल तर... मला नाइलाजाने चाव्या मागाव्या लागतील."

बाईंनी कमरेच्या चाव्या काढल्या, टेबलावर ठेवल्या. खडूचा डबा ठेवला. दोऱ्याचा चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. "शेठ, एकवीस वर्षं मी तुमच्या काट्यावर बसले. उसाला कधी काटा मारला न्हाई. आता गाण्याला मारू? मग उद्या शेतकऱ्यानं माझ्या उसाच्या आकड्यावर तरी भरवसा का ठेवावा? फळा तुमचा हाय, तुमी पुसा. माझ्या हातानं पुसला जायचा न्हाई."

हिरवी शाल खांद्यावर टाकून त्या रस्त्याने चालायला लागल्या. शेठनी स्वतः फळा पुसला. पुसताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी, चाळीस पोरांना रोज खरं बोला म्हणून सांगणारा माणूस, बुटाकडे बघत उभा राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

आठवडाभर काट्यावर कुरबूर झाली. काही शेतकरी पुढच्या काट्यावर जायला लागले, बरेचसे चरफडत तिथंच तोलत राहिले. बाई काही घरी कुढत बसल्या नाहीत. चर्चच्या अडगळीत, गीतांचे क्रमांक लावायची एक जुनी लाकडी पाटी पडलेली होती. त्यांच्या वडिलांच्या वेळची. पाळकांना विचारून ती त्यांनी आणली, काळा रंग दिला आणि आपल्या घराच्या कुंपणाला, रस्त्याच्या बाजूने, खिळे ठोकून लावली. पुसलेल्या ओळी त्यावर पुन्हा लिहिल्या. शेवटी एक वाक्य वाढवलं: 'ही पाटी माझी आहे.'

समितीने मला बोलावलं. बाईंच्या 'अज्ञानमूलक टीकेचा' समाचार घेणारा लेख लिहा म्हणाले. मी नाही म्हटलं. माझ्या आयुष्यात शौर्य म्हणावं असं एवढंच, आणि तेही घाबरत घाबरत, पाणी मागून घेऊन.

पुढच्या वर्षी मैदानाला चहूबाजूंनी पत्रे लागले. प्रवेश फुकटच, पण पास घेऊन, आणि पास समितीच्या कार्यालयातून. बाईंना पास मिळाला नाही. मी माझा देऊ केला तर फिस्कन हसल्या. "ठेवा तुमाला. कानाला पास लागत न्हाई." पहिल्या संध्याकाळी मी पाहिलं, तर पत्र्याच्या बाहेर, पाटाच्या भरावावर, त्यांची घडीची खुर्ची मांडलेली. कानाला मफलर, हातात थर्मास. स्टेज दिसायचं नाही, नुसता वरचा उजेड. मी आतून एक खुर्ची उचलून बाहेर नेली आणि त्यांच्याशेजारी बसलो. चार वाजता बातमी पाठवली नव्हती. संपादकांना सांगितलं होतं, ऐकून लिहीन, उद्या नाही आली तर परवा छापा.

त्या वर्षी सुमन भांगरेचं नाव पत्रिकेत मधोमध होतं. मधल्या काळात तिने पुण्यात चांगलं नाव काढलं होतं. निवेदकाची भरपूर विशेषणं लावून झाली. वाद्यं जुळली. आम्ही बाहेर अंधारात, कान लावून. मग तिचा आवाज आला, पण गाण्याचा नाही.

"पाटाकडचा स्पीकर चालू आहे का, तेवढं आधी बघा. तिकडं माझं एक माणूस बसलेलं असणार."

आत कुजबूज झाली. समितीतलं कुणीतरी माइकवर 'सुरू करा, सुरू करा' म्हणालं. सुमन थांबून राहिली. "बबनदादा, बघा. मी थांबते." बबन तारा हातात घेऊन मैदानातून धावत पाटाकडे आला असणार, पत्र्याच्या पलीकडे त्याची धडपड आम्हाला ऐकू आली. आणि आमच्या डोक्यावरचा स्पीकर खरखरला. त्याचं तोंड त्याने आमच्याकडे, बाहेरच्या बाजूला वळवलं होतं.

सुमन गायला लागली. बाईंनी थर्मास खाली ठेवला आणि डोळे मिटले. गाणं संपल्यावर त्यांनी हात वर केला, तसाच, अकोल्याच्या खाचरातून केला होता तसा. पत्र्यापलीकडून तो कुणालाही दिसणार नव्हता. तरी बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही. मी सरळ सांगतो, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरावरून गेलो. बाई कुंपणाशी उभ्या राहून पाटी लिहीत होत्या. माझी खात्री होती, आज त्यांचा हात सैल सुटणार. वाचलं: 'सुमन भांगरे. भरलेली: तीन गाणी. रिकामी: तिसऱ्याची शेवटची ओळ, पुन्हा घाईत. निव्वळ: पावणेतीन गाणी. पाटापर्यंत पोचली.'

"बाई!" मी म्हणालो. "त्या पोरीने भर मैदानात, समितीच्या नाकावर टिच्चून तुमच्यासाठी एवढं केलं, आणि तुम्ही पाव गाणं कापलंत?"

त्यांनी खडू हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते. रात्री झोपल्या नसाव्यात.

"सर, तिनं स्पीकर चालू करायला लावला," त्या म्हणाल्या. "काटा मारायला न्हाई लावला."

मग पाटी सरळ आहे का ते एक पाऊल मागं येऊन बघितलं, 'घाईत' या शब्दावरून खडू पुन्हा एकदा ठळक फिरवला, आणि हाताला लागलेला खडू शालीला पुसत घरात गेल्या.